बिनशेपटीचे विमान

लहान मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन त्याला विमान काढायला सांगितले, तर ते काय काढील? मध्ये काकडीसारखे लांबट पोट, दोन बाजूंना दोन पंख आणि मागे एक उभी शेपटी. आपण मोठी माणसेही याहून निराळे काही काढणार नाही. पोट, पंख आणि शेपटी मिळून विमान होते, अशी आपली पक्की समजूत आहे. आज मी ज्या विमानाविषयी बोलणार आहे, त्याला यांपैकी फक्त पंख आहेत. निराळे पोट नाही, आणि शेपटी तर नाहीच नाही. वरून पाहिले तर पंख पसरलेल्या वटवाघळासारखे दिसते. मागची कड करवतीच्या मोठ्या दात्यांसारखी. या विमानाचे नाव बी-२. ते अमेरिकेच्या हवाई दलाचे बॉम्बफेकी विमान आहे, आणि शत्रूच्या रडारला सहजासहजी सापडू नये अशा बेताने घडवलेले आहे. अशा विमानांना इंग्रजीत ‘स्टेल्थ’ म्हणतात. आपण त्याला चोरपावलांचे विमान म्हणू.

हे विमान मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवणारा माणूस. मी पाहिली ती त्याची प्रतिकृती. आणि तीही लाकडाची किंवा मातीची नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरची. आमच्या एका विद्यार्थ्याने ती एका खेळात तुकडा तुकडा जोडून बांधली आणि उडवली. उडवताना त्याला कोणत्या अडचणी आल्या, आणि त्या अडचणींतून काय उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम हा खेळ कसला ते सांगतो. संगणकावरचे खेळ म्हटले की मारामारी नाही तर मोटारींच्या शर्यती, असे आपण समजतो. परंतु त्यांत आणखी एक जात आहे. तिला ‘सँडबॉक्स’, म्हणजे वाळूची पेटी, असे म्हणतात. वाळूत बसलेल्या मुलाला अमुकच कर असे कुणी सांगत नाही. ते विहीर खणते, डोंगर करते, मनात आले की मोडून टाकते. हे खेळ तसेच. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात ना? दगड, माती, जुनी पोती, वर हळीव पेरून हिरवळ, आणि शिखरावर महाराजांचे चित्र. त्याच जातीचा हा उद्योग.

फरक एवढाच, की दिवाळीच्या किल्ल्याला कुणी वेढा घालत नाही. तट मातीचा असला काय आणि पुठ्ठ्याचा असला काय, भाऊबीजेपर्यंत उभा राहिला म्हणजे झाले. मी सांगतो आहे त्या खेळात मात्र बांधलेली वस्तू चालवून दाखवावी लागते. खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’. मेक्सिको शहरातील स्क्वॉड नावाच्या कंपनीने २०११ साली त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे आणली आणि २०१५ साली तो पुरा केला. तो रचणारे फेलिपे फालांगे हे मूळचे ब्राझीलचे. लहानपणी ते आणि त्यांचे सोबती चांदीच्या कागदाची छोटी माणसे करून फटाक्यांच्या बाणांत बसवीत आणि आकाशात सोडीत. त्या कागदी माणसांचे नाव त्यांनी पुढे खेळातल्या हिरव्या, बुटक्या अंतराळवीरांना दिले. पाहा, पोरखेळातून काय उभे राहते!

या खेळात पंखांचे तुकडे, इंजिने, टाक्या आणि चाके मांडून ठेवलेली असतात. ती आपण जोडायची. मग विमान धावपट्टीवर न्यायचे. तिथे वजन, वारा आणि इंजिनाचा जोर यांचा हिशोब संगणक करतो, आणि तो कुणाची भीड धरत नाही. तुमचे विमान कितीही देखणे असो, हिशोब चुकला की ते कोसळते.

आमच्या विद्यार्थ्याने बी-२ बांधायला घेतले ते केवळ ते रुबाबदार दिसते म्हणून. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, हात कामाला सरावलेले. त्याने मापे जमवली. पंखांचा विस्तार १७२ फूट, लांबी फक्त ६९ फूट. म्हणजे लांबीच्या जवळजवळ अडीच पट रुंदी. पुढच्या दोन कडा भाल्याच्या पात्यासारख्या मागे झुकलेल्या. मागच्या कडेचे दाते त्याने मोजले, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मागची प्रत्येक रेघ पुढच्या दोन कडांपैकी एकीला समांतर होती. तो मला म्हणाला, “सर, हे मुद्दाम केलंय का?” मी म्हटले, “मुद्दामच असणार. पण का, ते आधी तू शोध.”

शे-दीडशे तुकडे जोडून विमान तयार झाले. दिसायला हुबेहूब. ते धावपट्टीवरून सुटले, वेग आला, नाक वर झाले, आणि नाक वरच होत राहिले. विमानाने हवेत कोलांटी मारली आणि धावपट्टीच्या पुढे समुद्र आहे, त्यात ते पडले. दुसऱ्यांदा तेच झाले आणि तिसऱ्यांदाही तेच.

का, ते सांगायला मला गणिताचे पुस्तक उघडावे लागले नाही. बैलगाडी पुरेशी होती. गाडीत मागे ओझे जास्त झाले तर काय होते? गाडी उलाळते, जू वर उचलले जाते. ओझे थोडे पुढे असले, जुवावर जरासा भार असला, म्हणजे गाडी नीट चालते. विमानाचेही तसेच. साऱ्या वजनाचा एक मध्य असतो, आणि हवा ज्या ठिकाणी विमानाला उचलून धरते त्याचाही एक मध्य असतो. वजनाचा मध्य जरासा पुढे हवा. या खेळात पहिला मध्य पिवळ्या गोळ्याने आणि दुसरा निळ्या गोळ्याने दाखवता येतो. मुलाने पाहिले, तर अवजड इंजिने मागे बसवल्यामुळे पिवळा गोळा निळ्याच्या मागे गेला होता. गाडी उलाळली होती!

त्याने टाक्या पुढे सरकवल्या. विमान उडाले. पण दहा मिनिटांनी पुन्हा कोलांटी. आता काय झाले? पुढच्या टाक्यांतले इंधन जळून गेले होते, आणि पुढचे ओझे हलके होऊन तोल परत मागे गेला होता. नेहमीच्या विमानाला एवढी नाजूक स्थिती सोसावी लागत नाही. त्याची शेपटी लांब मागे असते, आणि लांब पहारीने मोठा धोंडा उचलावा तशी ती थोड्या जोराने तोल सावरते. या विमानाची लांबीच थोडी. पहार आखूड, म्हणून तोल काटेकोर. अखेर त्याने टाक्या दोन्ही गोळ्यांच्या आसपासच वाटून बसवल्या, म्हणजे भरलेल्या असोत की रिकाम्या, तोल ढळू नये. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. समुद्रात पडलेल्या विमानांनी सांगितले.

नाक वर-खाली होण्याचा प्रश्न सुटला. आता उरला नाक डावी-उजवीकडे फिरण्याचा. बाणाला मागे पिसे का लावतात? पिसे नसली तर बाण हवेत आडवा होतो. विमानाची उभी शेपटी म्हणजे त्याची पिसे. ती नसेल तर नाक एका बाजूला वळू लागल्यावर त्याला सरळ कोण करणार? बी-२ मध्ये त्यासाठी पंखांच्या टोकांशी झडपा आहेत. त्या पुस्तक उघडावे तशा वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना उघडतात. डाव्या टोकाची झडप उघडली की त्या पंखाला वारा अडवतो, तो पंख मागे ओढला जातो, आणि नाक डावीकडे वळते. डाव्या बैलाचा कासरा ओढला की गाडी डावीकडे वळते, तसेच हे. बरे, हा कासरा वैमानिकाने हाताने ओढून भागत नाही. संगणक क्षणोक्षणी वाऱ्याचा अंदाज घेतो आणि झडपा हलवतो.

मुलाने तशा झडपा केल्या, आणि विमान सरळ उडू लागले. तो खूश झाला. मी मात्र खेळाची माहिती चाळली होती. या खेळात वैमानिकाच्या खोलीत एक फिरते चाक आधीच बसवलेले असते. विजेवर फिरणारे ते चाक वाऱ्याच्या मदतीशिवायच यानाला वळवू शकते. अवकाशात जाणाऱ्या यानांसाठी ते ठीक. खऱ्या विमानात तसले काही नसते. मी त्याला म्हटले, “अरे, तुझं विमान झडपांवर उडतंय की त्या चाकावर?” त्याने चाक बंद केले. विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली आले. पुढे पंधरा दिवस तो झडपांच्या मागे लागला होता. चाक बंद ठेवून ज्या दिवशी विमान एक फेरी मारून धावपट्टीवर सुखरूप उतरले, त्या दिवशी त्याने मला घरी येऊन सांगितले. चालू चाकाचे विमान आणि बंद चाकाचे विमान यांत पाहणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता. पण परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिलेले उत्तर आणि स्वतः सोडवलेले उत्तर, यांत जो फरक असतो, तो त्यांत होता. शिक्षक मंडळींना हे अधिक सांगायला नको.

आता थोडा इतिहास पाहू. ज्या अडचणी या मुलाला पडद्यावर आल्या, त्या एकेकाळी माणसांना प्रत्यक्ष आकाशात आल्या होत्या. जॅक नॉर्थ्रॉप नावाच्या अमेरिकन विमानरचनाकाराला नुसत्या पंखाचेच विमान करायचे होते. पोट आणि शेपटी नसली तर हवेचा अडथळा कमी होईल, तेवढ्याच इंधनात विमान दूर जाईल, असा त्याचा विचार. १९४६ साली त्याचे पंख्यांवर चालणारे मोठे विमान उडाले. त्याच्या पंखांचा विस्तारही १७२ फूट होता. १९४७ साली तसेच जेट इंजिनांचे विमान उडाले. परंतु ती विमाने स्थिर ठेवणे कठीण जाई. ५ जून १९४८ रोजी एक विमान चाचणीच्या वेळी आकाशातच मोडले आणि आतील पाचही माणसे दगावली. त्यांतील ग्लेन एडवर्ड्स या वैमानिकाचे नाव पुढे कॅलिफोर्नियातल्या त्या विमानतळाला देण्यात आले. १९५० मध्ये योजना गुंडाळली गेली आणि विमाने भंगारात निघाली. झडपा क्षणोक्षणी हलवू शकेल असा संगणक त्या काळी विमानात नव्हता.

तीस वर्षांनी, १९८० मध्ये, म्हाताऱ्या आणि आजारी नॉर्थ्रॉपला त्याच्याच जुन्या कंपनीत नेण्यात आले आणि खास परवानगीने एक लहानशी प्रतिकृती दाखवण्यात आली. ती होती बी-२ ची. विमान अजून बांधायचे होते आणि सारा मामला गुप्त होता. पुढच्याच वर्षी नॉर्थ्रॉप वारला. आयुष्यभराच्या ध्यासाचे फळ त्याला पाहायला मिळाले ते हातात मावणाऱ्या प्रतिकृतीच्या रूपाने! प्रतिकृतीला खेळणे म्हणून हसण्यापूर्वी हे आठवावे.

इथे एक प्रश्न उभा राहतो. शेपटी नसल्यामुळे जर एवढी यातायात, तर ती काढली कशाला? हाच प्रश्न मी त्या मुलाला विचारला. तो म्हणाला, “सर, रडारसाठी.” मी म्हटले, “तुझ्या खेळात रडार कुठे आहे?” तो गप्प झाला. कारण त्या खेळात रडार नाही. आकाशाकडे पाहणारे कुणीच नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ही सारी आकृती जन्माला आली, तीच गोष्ट खेळाबाहेर राहिली होती.

मग आम्ही ती बाहेरून आत आणली. रडार म्हणजे काय? अंधारात बॅटरी मारून आपण वस्तू पाहतो, तसे रडार रेडिओच्या लहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी टिपते. परत काही आलेच नाही, तर वस्तू दिसत नाही. आता एक रबरी चेंडू घ्या. भिंत आणि जमीन जिथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात तो समोरून मारा. चेंडू एकीवर आपटून दुसरीवर आपटतो आणि तुमच्याच दिशेने परत येतो. उभी शेपटी आणि आडवा पंख मिळून असाच काटकोनी कोपरा होतो, आणि तो लहरींना आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणून शेपटी गेली. आणि सगळ्या कडा समांतर का? अंधारात आरसा तिरपा धरला, तर बॅटरीचा झोत भलतीकडेच जातो. फक्त एका ठरावीक जागी उभे असाल तरच डोळ्यांवर लख्ख उजेड येतो. कडा समांतर असल्या की परावर्तन मोजक्या दिशांतच जाते. बाकी दिशांना अंधार. मुलाने पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर. इंजिनेही पंखाच्या पाठीवर, आत दडवून बसवलेली आहेत, आणि त्यांचा गरम झोत पंखाच्या वरून जातो, म्हणजे खालच्याला त्याची धग दिसू नये.

या शास्त्राचा एक धागा मोठा मौजेचा आहे. कडांवरून लहरी कशा परततात याचे गणित प्योत्र उफिम्त्सेव या रशियन शास्त्रज्ञाने केले, आणि १९६२ साली ते मॉस्कोमध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने त्याचा इंग्रजी तर्जुमा करून घेतला, आणि पुढे अमेरिकन अभियंत्यांनी त्यावरून चोरपावलांची विमाने आखली. शत्रूच्या पुस्तकातले गणितही गणितच असते! पहिल्या एफ-११७ या विमानाचे अंग सपाट फळ्या जोडल्यासारखे दिसते, कारण १९७० च्या दशकातल्या संगणकांना सपाट पृष्ठांचाच हिशोब झेपत होता. पुढे संगणक सुधारले आणि बी-२ ला गोलाई आली. आमच्या मुलाच्या विमानाचेही अंग जवळून पाहिले तर फळ्यांचेच दिसते. खेळातले तुकडेच तसे.

बी-२ हे २२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे प्रथम लोकांना दाखवले गेले, आणि १७ जुलै १९८९ रोजी उडाले. दाखवताना पाहुण्यांना समोर, दूर उभे केले होते, म्हणजे मागची बाजू दिसू नये. पण विमानविषयक एका साप्ताहिकाच्या लोकांनी छोटे विमान भाड्याने घेतले आणि वरून जाऊन मागच्या बाजूचे फोटो काढले. समोरच्या वाटेवर सगळे पहारे. वर आकाश मोकळे! या गुप्ततेची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नाही. या विमानाच्या इंजिनाचा झोत दडवण्याच्या रचनेवर काम केलेले अभियंते नोशिर गोवाडिया यांचा जन्म मुंबईचा. चीनला लष्करी गुपिते पुरवल्याबद्दल अमेरिकन न्यायालयाने त्यांना २०१० साली दोषी ठरवले आणि २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा सुनावली. बाहेरची आकृती आज कोणताही मुलगा पडद्यावर काढतो. आतले गुपित मात्र माणसाचे आयुष्य गिळते.

आणि एवढ्या हुशारीने केलेले हे यंत्र अगदी निर्धोक आहे म्हणावे, तर तसेही नाही. अशी एकंदर २१ विमाने बांधली गेली. त्यांतले एक २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावर उड्डाण करतानाच कोसळले. हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत दमटपणा शिरला होता. त्यामुळे संगणकाला वेगाचा चुकीचा आकडा मिळाला, त्याने नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, आणि विमानाचा आधार सुटला. वैमानिक दोघेही बाहेर फेकले जाऊन वाचले. पाण्याच्या काही थेंबांनी शंभर कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे विमान खाली आणले. जो यंत्राच्या हिशोबावर विसंबतो, त्याने हिशोबातला पहिला आकडा बरोबर आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे.

आता मी या भाषणातल्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. आमच्या मुलाने विमानाला पोटाखालचे दरवाजेही केले होते. कळ दाबली की ते उघडत आणि आतून एक रिकामे नळकांडे खाली पडे. खाली काय होते? हिरवे गवत. त्या जगात विमानतळाबाहेर गाव नाही, शाळा नाही, बाजार नाही. नळकांडे पडे, फुटे, संपे.

७ मे १९९९ च्या रात्री युगोस्लाव्हियाच्या युद्धात एका बी-२ विमानाने बेलग्रेड शहरातल्या एका इमारतीवर बॉम्ब टाकले. विमान रडारला चुकवून आले, बॉम्ब सांगितलेल्या जागी अचूक पडले, सारे यंत्र ठरल्याप्रमाणे चालले. फक्त ती इमारत चीनची वकिलात होती. आत तीन चिनी पत्रकार मृत्युमुखी पडले. शस्त्रखरेदीचे कार्यालय म्हणून ही जागा चुकून निवडली गेली, नकाशा जुना होता, असे अमेरिकेने सांगितले आणि माफी मागितली. चीनला ते पटले नाही. यंत्राची चूक नव्हती. पत्ता चुकला होता. २०२५ च्या जूनमध्ये अशाच सात विमानांनी इराणमधील अणुकेंद्रांवर चौदा अवजड बॉम्ब टाकले. म्हणजे ही काही संपलेली गोष्ट नव्हे.

बेलग्रेडची हकीकत मी त्या मुलाला सांगितली. उपदेश केला नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, खेळात खाली कुणी नाही, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.” त्याने विमान मोडून टाकले असे आपल्याला वाटेल. तसे काही झाले नाही, आणि व्हावे अशी माझी इच्छाही नव्हती. विमान आहे. तो अजून ते उडवतो, आणि मला ते पाहायला आवडते.

मग या सगळ्यातून घ्यायचे काय? मला वाटते, कोणत्याही प्रतिकृतीला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: हे असे का आहे? दुसरा: यात काय नाही? पहिल्या प्रश्नाने मुलगा नक्कल सोडून समजुतीकडे येतो. मागची कड दातेरी का, टाकी इथेच का, शेपटी का नाही. दिसायला हुबेहूब असलेले विमान तीनदा समुद्रात पडले, तेव्हाच तो प्रश्न त्याला खऱ्या अर्थाने पडला. दुसरा प्रश्न अधिक अवघड, कारण जे नाही ते दिसत नाही. खेळात रडार नाही. खेळात एडवर्ड्स मरत नाही; एक कळ दाबली की विमान परत धावपट्टीवर उभे. खेळात खाली माणसे नाहीत. वर्गातला पृथ्वीचा गोल घ्या, भिंतीवरचा नकाशा घ्या, किंवा गणितातले पाण्याचा हौद भरण्याचे उदाहरण घ्या. प्रत्येकातून काहीतरी गाळलेले असते. गाळले म्हणूनच ते समजायला सोपे होते. पण काय गाळले, हे सांगण्याचे काम पुस्तक करीत नाही, यंत्रही करीत नाही. ते शिक्षकाने करायचे असते.

कुणी म्हणतील, आमच्या शाळेत असले संगणक कुठले? नसले तरी अडत नाही. जाड कागदाची घडी घालून त्यातून मागे झुकलेल्या पंखाची आकृती कापा. पोट नाही, शेपटी नाही. ती उलगडून सोडा. गिरक्या घेत खाली येईल. आता नाकावर ओल्या मातीची छोटी गोळी नाही तर कागदाची टाचणी लावा, आणि मागच्या कडा केसभर वर वळवा. पुन्हा सोडा. गोळी कमी-जास्त करीत राहा. थोड्याच वेळात कागद वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जाईल. मग मुलांना विचारा, मघाशी का पडला? आता का तरला? उत्तर लगेच सांगू नका. दोन-चारदा पडू द्या.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा पडद्यासमोर बसलेला दिसला की लगेच रागावू नका, आणि लगेच कौतुकही करू नका. जवळ बसा आणि विचारा, “काय करतोयस? हे असं का केलंस?” त्याला उत्तर देता आले, तर त्याचा वेळ वाया गेलेला नाही. नाही देता आले, तर त्या प्रश्नाने तो विचाराला लागेल. शेतात नांगर धरताना फाळ असा तिरपा का, हे तुम्ही त्याला सांगता, त्याच आस्थेने हेही विचारा. यंत्र नवे असेल. पण तोल, ओझे आणि वारा हे आपल्या ओळखीचेच आहेत.